गडाखालची गादी : सातारा

महाबळेश्वराच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांच्या उंचीवर, कृष्णा, वेण्णा आणि कोयना या नद्या जवळजवळ एकाच ठिकाणी उगम पावतात. आणि तेथून त्या ज्या तीन वाटांनी दक्षिणेकडे व आग्नेयेकडे निघतात, त्या वाटांमधील डोंगरांच्या लांबलचक सोंडांनी सातारा प्रांताची सारी भूमी विणली गेली आहे. या सोंडांपैकी वेण्णेच्या उजव्या हातास धावणारी रांग यवतेश्वराच्या डोंगरापर्यंत अखंड येते, तेथे एका खिंडीपाशी किंचित मान लववते, आणि पुन्हा एकदा उसळी घेऊन अजिंक्यतारा या नावाने उभी राहते. त्यापुढे मात्र डोंगर संपतो आणि कृष्णाकाठची मोकळी, काळी, पिकाऊ जमीन सुरू होते. दक्षिणेस उरमोडीचे खोरे, उत्तरेस वेण्णेचे खोरे, पूर्वेस तीनेक मैलांवर माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम, आणि भोवती परळीचा सज्जनगड, जरंडेश्वर, नांदगिरी, चंदन-वंदन, वैराटगड अशा गिरिशिखरांचा पहारा : एवढ्या चौकटीत अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर सातारा शहर वसले आहे.

या स्थानाचे मर्म ध्यानी यावयाचे असेल तर पर्जन्यमानाकडे पाहावे. महाबळेश्वरी वर्षाकाठी अडीचशे इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो, साताऱ्यास तो चाळीस इंचांवर येतो, आणि आणखी पूर्वेस माण-खटावाकडे गेले की वीस इंचांचीही खात्री देता येत नाही. म्हणजे अतिवृष्टीचे डोंगर आणि अवर्षणाचा माळ यांच्या नेमक्या सीमेवर हे नगर उभे आहे. घाटमाथ्यावरचे अरण्य पाठीशी आणि देशावरचे धान्य पुढ्यात, कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा एका हाताला आणि पुण्याहून कऱ्हाड-कोल्हापुराकडे जाणारा राजमार्ग दुसऱ्या हाताला, अशी जागा राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. परंतु डोंगरी किल्ल्याचा एक गुण असा आहे की, जो कडा बाहेरच्यास आत येऊ देत नाही, तोच आतल्यासही बाहेर जाऊ देत नाही. साताऱ्याच्या इतिहासात गडाचे हे दोन्ही गुण आलटून पालटून प्रत्ययास आले, आणि पुष्कळदा एकाच माणसास दोहोंचा अनुभव आला.

किल्ल्याची उभारणी परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याजकडे, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीकडे नेली जाते. त्यानंतर तो बहामनी आणि पुढे आदिलशाही अमलाखाली गेला, आणि त्या अमदानीत त्याचा लौकिक मुख्यत्वे राजकैद्यांच्या तुरुंगाचा होता. १५८० मध्ये विजापूरच्या दरबारातील किश्वरखानाने खुद्द चांदबिबीस साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत धाडले होते. तिची सुटका त्याच वर्षी झाली, पण गडाचे नाव दख्खनच्या राजकारणात कैदखाना म्हणून नोंदले गेले ते गेलेच. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला. पुढे दोन वर्षांनी महाराजांचा एका दीर्घ दुखण्यातील मुक्काम याच गडावर होता. तरीही रायगडासारखा राजधानीचा मान त्यास त्या काळी मिळाला नव्हता. तो मिळाला राजाराम महाराज जिंजीहून परतल्यावर, शतकाच्या अगदी शेवटी. आणि मान मिळाल्याबरोबर संकटही चालून आले.

औरंगजेब बादशहा दख्खनेत उतरून तेव्हा अठरा वर्षे होत आली होती. मराठ्यांची फौज मैदानात सापडत नाही, तेव्हा निदान त्यांचे किल्ले तरी एकेक करून घ्यावेत, असा निश्चय करून तो वृद्ध बादशहा १६९९ च्या डिसेंबरात जातीने साताऱ्यासमोर येऊन उतरला. त्याचे डेरे उत्तरेस करंजे गावापाशी पडले, पश्चिमेस शहाजादा आझमशहा, पूर्वेस तोफखान्याचा अधिकारी तरबियतखान आणि दक्षिणेस शर्झाखान, असे चारही बाजूंनी मोर्चे बसले. गडावर किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. शिबंदीच्या तुलनेत वेढा घालणाऱ्यांची संख्या कित्येक पट होती, आणि गडावरचा दाणागोटा दोन महिन्यांच्या बेताचा. परंतु शेजारच्या परळीच्या किल्ल्यावर परशुराम त्रिंबक बसले होते, आणि त्यांनी आझमशहाच्या मोर्चातूनच रसद वर पोचविण्याची तजवीज केली होती, असे सांगतात. वेढा चार महिने रेंगाळला. डोंगराचा कातळ इतका कठीण की तोफांच्या माऱ्याने तटास खिंडार पडेना, म्हणून मोगलांनी सुरुंग खणण्यास आरंभ केला.

१३ एप्रिल १७०० रोजी मंगळाई बुरुजाखालच्या सुरुंगांस बत्ती देण्यात आली. पहिला सुरुंग उडाला तो आतल्या बाजूस. तटाचा भाग गडावरील लोकांवर कोसळला आणि कित्येक मावळे त्याखाली चिरडले गेले. किल्लेदार प्रयागजी स्वतः दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते, ते जिवंत बाहेर निघाले, आणि मंगळाईच्या कृपेने ते वाचले असा गडकऱ्यांस धीर आला. त्या क्षणी मोगल एकदम चढले असते तर गड पडण्यास विलंब लागता ना. परंतु दुसऱ्या सुरुंगाची वाट पाहत हल्ल्याची टोळी तटाच्या पायथ्याशी दाटीवाटीने उभी होती, आणि तो दुसरा सुरुंग उडाला तो बाहेरच्या बाजूस. बुरुजाचे अजस्र चिरे उतारावरून त्या दाटीत घुसले. सुमारे दोन हजार मोगल सैनिक त्या एका क्षणात ठार झाले. खिंडार उघडे पडले होते, पण त्यातून चढण्यास कोणी धजेना. जो सुरुंग गड घेण्यासाठी खणला, त्यानेच गडाचे रक्षण केले.

तरी गड वाचावयाचा नव्हता. मार्चच्या आरंभी राजाराम महाराजांचे सिंहगडावर देहावसान झाले होते. ती वार्ता, संपत आलेले धान्य आणि धन्यावाचून पोरकी झालेली शिबंदी, या तिहींनी जे केले ते तोफांनी केले नव्हते. २१ एप्रिल रोजी प्रयागजींनी बोलणी करून गड मोगलांच्या हवाली केला. बादशहाने शहाजाद्याच्या नावावरून त्याचे नाव आझमतारा ठेवले, तेथून परळीस वेढा घातला, जूनमध्ये तोही किल्ला घेतला, आणि मग सह्याद्रीचा पावसाळा त्याच्या छावणीवर तुटून पडला. ओढ्यानाल्यांना पूर, चिखलात रुतलेल्या तोफा, वाहून गेलेली जनावरे व माणसे : दोन किल्ल्यांची किंमत त्या परतीच्या वाटेवर मोगलांनी पुरेपूर मोजली. पुढे काही वर्षांतच मराठ्यांनी सातारा परत घेतला आणि अजिंक्यतारा हे नाव त्यास कायमचे चिकटले. एकदा जिंकला गेलेला गड अजिंक्य म्हणविला जावा, यात विसंगती दिसेल; पण ज्यांनी तो परत घेतला त्यांच्या दृष्टीने त्या नावात वस्तुस्थितीपेक्षा प्रतिज्ञा अधिक होती.

१७०७ मध्ये औरंगजेब निवर्तला आणि मोगलांच्या कैदेत सतरा-अठरा वर्षे काढलेले शाहू महाराज मोकळे होऊन दक्षिणेस आले. ताराबाईंच्या पक्षाशी ऑक्टोबरात खेडची लढाई होऊन ती शाहूंनी जिंकली, आणि ते साताऱ्याच्या पायथ्याशी आले. गडावर परशुराम त्रिंबक ताराबाईंच्या बाजूने बसले होते आणि दरवाजा उघडण्यास राजी नव्हते. तेव्हा गडावरचा दुसरा अधिकारी शेख मिरा याचे कुटुंब वाईस होते ते शाहूंनी ताब्यात घेतले, आणि मुलामाणसांच्या जिवाच्या भीतीने शेख मिराने आपल्याच वरिष्ठास कैद करून गड खाली करून दिला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. शेख मिराच्या घराण्यास वाईकडे वतन मिळाले, आणि परशुराम त्रिंबकांना पुढे शाहूंच्याच पदरी प्रतिनिधिपद लाभले. त्या काळचे राजकारण असे होते की, आजचा कैदी उद्याचा प्रधान होत असे. आणि साताऱ्याच्या गडाने दोन्ही अवस्था सारख्याच निर्विकारपणे पाहिल्या.

शाहू महाराजांनी केलेली सर्वांत दूरगामी गोष्ट कोणत्याही लढाईत घडलेली नाही; ते गडावरून खाली उतरले, ही ती गोष्ट होय. आरंभीची काही वर्षे गडावर काढल्यावर त्यांनी पायथ्याशी रंगमहाल बांधून तेथे वास्तव्य केले, आणि राजाच्या मागोमाग प्रधान, सरदार, कारकून, सावकार, कासार, तांबट, पुराणिक, पागेचे लोक व बाजारबुणगे असे सारे उतारावर उतरले. तेच शाहूनगर. गडाच्या लगतच्या माचीपासून खाली वेण्णेकडे पायरीपायरीने पेठा वसत गेल्या. यादोगोपाळ, मल्हार, केसरकर, बसाप्पा, भवानी, सदाशिव, व्यंकटपुरा, चिमणपुरा ही पेठांची नावे आजही चालू आहेत, आणि रामाचा गोट व पंताचा गोट ही नावे शहराच्या अंगाखाली फौजेच्या छावण्या कोठे कोठे पडत त्याची खूण देतात. उतारावरचे शहर म्हणजे पाण्याची पंचाईत. पावसाचे पाणी क्षणात वाहून जाते आणि विहिरीस कातळ लागतो. तेव्हा यवतेश्वराच्या बाजूच्या डोंगरातील पाणी खापरी नळांनी शहरातल्या हौदांत खेळविण्यात आले, आणि जागोजाग तळी बांधण्यात आली. डोंगराकडून उतरणारे पाणी कोणा मोटेवाचून आणि बैलावाचून घरोघरच्या हौदाशी यावे, ही सोय साताऱ्याला त्याच्या भूगोलाने दिली, आणि ती इतकी भक्कम की पुढे इंग्रजी अमदानीत कासच्या तलावाचे पाणी त्याच न्यायाने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले गेले.

शाहूंच्या काळातील समृद्धीची साक्ष शहराबाहेरही विखुरली आहे. उत्तरेस लिंब गावी विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविलेली बारा मोटांची विहीर आहे. तिच्यात खोलवर उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि मोटांच्या धावेखाली, विहिरीच्या पोटातच, बसण्याउठण्याचा छोटासा महाल आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या अंगच्या गारव्यात राजघराण्याने तेथे विसावावे आणि डोक्यावरून मोटांनी बागायतीस पाणी जावे, अशी ती दुहेरी योजना. माहुलीस प्रतिनिधींनी बांधविलेले विश्वेश्वराचे देऊळ आहे, घाट आहेत, राजघराण्यातील समाध्या आहेत, आणि शाहूंच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी तेथे दाखवितात. शिकारीत वाघापासून या कुत्र्याने महाराजांस वाचविले आणि महाराजांनी त्यास पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका आहे. बालपण आणि तारुण्य परक्याच्या छावणीत गेलेल्या त्या राजास सौम्य, माणसाळू स्वभाव कसा लाभला, हे एक नवलच आहे; पण तो लाभला होता खरा, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सरदारांना एका छत्राखाली राखण्याचे काम त्याच स्वभावाने केले.

याच गादीच्या नावे १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या, याच दरबारात बाजीराव पेशव्याने उत्तरेकडील स्वारीचा पुरस्कार केला आणि श्रीपतराव प्रतिनिधींनी त्यास विरोध केला. परंतु जसजसे राज्य पसरत गेले, तसतसे पैसा, फौज आणि दफ्तर यांचे केंद्र पुण्याकडे सरकू लागले. १७३२ मध्ये शनिवारवाडा पुरा झाला तेव्हा साताऱ्यातील कोणाला त्याचा अर्थ कळला असेल तो असो. खिंडी आणि नद्या ओलांडून यावयाच्या या डोंगरी राजधानीपेक्षा मोकळ्या मैदानातले पुणे कारभारास सोयीचे, हे मात्र कारकुनास आणि सावकारास आपोआप कळले होते. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज साताऱ्यासच निवर्तले. त्यांनी अखेरीस स्वहस्ताने लिहिलेल्या दोन यादींत राज्याचा बंदोबस्त पेशव्याने करावा आणि गादी कोल्हापूरकरांकडे न जावी, असा आशय होता. त्या कागदांनी गादी साताऱ्यास राहिली आणि सत्ता साताऱ्याहून गेली.

यावर शेवटचा हात टाकला तो ताराबाईंनी. पंचाहत्तरीच्या घरात आलेल्या त्या राजस्त्रीने रामराजाला आपला नातू म्हणून गादीवर आणविले होते; पण तो आपल्या हातात राहत नाही, १७५० त सांगोल्यास त्याने सारी मुखत्यारी पेशव्यास लिहून दिली, हे पाहून तिने त्याच वर्षीच्या चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्यास गडावर बोलावले. जेवणखाण झाले, राजा खाली उतरण्यास निघाला, आणि दरवाज्याशी पोचतो तो दरवाजा बंद. जो गड राजधानीचा मुकुट, तोच राजाची बेडी झाला. ताराबाईंनी गडावरून शहरातील पेशव्यांच्या लोकांवर तोफा डागल्या, गुजराथेतून दमाजी गायकवाडास फौजेनिशी बोलावले. परंतु १७५१ च्या वसंतात वेण्णेच्या खोऱ्यात गायकवाड कोंडला गेला आणि नानासाहेब पेशव्याने त्यास धरून पुण्यास नेले. पुढे ताराबाई आणि पेशवे यांचा समेट झाला, पण रामराजाची सुटका ताराबाईंच्या हयातीत झाली नाही. पेशव्यांनाही ती नकोच होती. कैदी राजा हा कारभाऱ्यास सोयीचा राजा असतो.

यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत साताऱ्याच्या वाट्यास एकच काम उरले : शिक्का देणे. पुण्यात कोणीही कितीही प्रबळ होवो, पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून आल्यावाचून तो पेशवा होत नसे. १७६१ मध्ये, पानिपतानंतरच्या त्या काळोख्या पावसाळ्यात, सोळा वर्षांच्या माधवरावाने साताऱ्यास येऊन वस्त्रे घेतली. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादासही वस्त्रे साताऱ्याहून मिळाली, आणि वर्ष उलटण्याच्या आत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंनी चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावासाठी तीच वस्त्रे पुरंदरावर आणविली. दोन्ही पक्षांना वस्त्रे देणाऱ्या गादीस स्वतःची इच्छा नव्हती, हे तर उघडच आहे. पण दोन्ही पक्षांना त्या वस्त्रांची गरज भासली, हे त्याहून लक्षात घेण्याजोगे आहे. लोकांच्या मनात राज्य छत्रपतींचे होते. ज्याच्या खिशात दोन दिवसांचा खर्च नाही अशा राजाच्या हातचे वस्त्र, कोट्यवधींचा वसूल करणाऱ्याला लागत होते. पुढे गादीवर आलेल्या धाकट्या शाहूंनी १७९८ त ही स्थिती झुगारून गड ताब्यात घेतला आणि फौज उभी केली, तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धनांनी तो उठाव मोडला. शाहूंचे बंधू चतुरसिंग मात्र पुढे कित्येक वर्षे लढत राहिले आणि अखेर कांगोरीच्या किल्ल्यावर कैदेत वारले.

शिक्क्याचे हे मोल इंग्रजांनी मराठ्यांइतकेच बारकाईने ओळखले होते. शेवटचा बाजीराव पळत सुटला तेव्हा त्याने छत्रपती प्रतापसिंहांना मातोश्री व बंधूंसह आपल्याबरोबर फरफटत नेले होते. १८१८ च्या फेब्रुवारीत सातारा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून छत्रपतींसाठी राज्य राखून ठेवण्याचे अभिवचन दिले. २० फेब्रुवारीस अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या छावणीत आले. एप्रिलात पंचवीस वर्षांच्या प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविण्यात आले, कॅप्टन ग्रँट डफ याची त्यांच्याजवळ नेमणूक झाली, आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने ते राज्य त्यांच्या वंशजांस व वारसांस निरंतर चालावे असे ठरले. हा औदार्याचा व्यवहार नव्हता. पेशवाई बुडाल्याने जे सरदार आणि जे सैनिक अस्वस्थ झाले होते, त्यांना शिवाजीची गादी सलामत आहे असे दाखविणे, हा नव्या मुलुखाचा सर्वांत स्वस्त बंदोबस्त होता. त्याच साताऱ्यात बसून, छत्रपतींच्या सहकार्याने मिळालेले कागद वाचून, ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास सिद्ध केला. तो १८२६ त प्रसिद्ध झाला.

प्रतापसिंह हे कळसूत्री बाहुले ठरतील ही अपेक्षा मात्र चुकली. १८२२ मध्ये पूर्ण अधिकार हाती आल्यावर त्यांनी कारभार इतक्या निगुतीने चालविला की आरंभीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्यांची वाखाणणी केली. ते स्वतः रोजनिशी ठेवीत, फिर्यादी ऐकत, हिशेब पाहत. त्यांनी राजवाडा बांधला, पाठशाळा काढली, रस्ते केले. महाबळेश्वराच्या माथ्यावर चढणारी वाट त्यांच्याच अमदानीत झाली, आणि १८२९ मध्ये तेथील जागा कंपनीस देऊन त्यांनी मोबदल्यात वाईकडील खंडाळे गाव घेतले, तेव्हा माल्कमपेठ उभी राहिली. शहराचा तोंडवळाही याच काळात बदलला. गडाच्या कुशीतील जुन्या पेठांकडून वस्ती खालच्या सपाटीकडे आली, आणि त्याहूनही पूर्वेस रेसिडेन्सी व कॅम्प बसला. गड, उतार, सपाटी अशा तीन पायऱ्यांनी सातारा खाली आला, आणि दर पायरीस राज्यकर्ता बदललेला होता.

कलह पेटला तो जहागीरदारांवरून. तहाप्रमाणे आपल्या वर्चस्वाखाली असलेल्या जहागिरींवर आपला हक्क कितपत, हा प्रश्न राजाने कागदोपत्री, चिकाटीने आणि कायद्याच्या भाषेत लावून धरला. आणि मुंबई सरकारास तहाचे इतके सूक्ष्म वाचन करणारा मांडलिक नको होता. मग आरोप उभे राहिले : पलटणीतील शिपायांस फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी मसलत केली, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबाशी संधान बांधले. १८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर कार्नॅक साताऱ्यास आला आणि त्याने राजापुढे एक कागद ठेवला. झाल्या अपराधांची कबुली त्यावर लिहून द्यावी, म्हणजे सारे माफ करून गादी चालू ठेवण्यात येईल. रीतसर चौकशी न होता, आरोपांचे कागद न पाहता, न केलेल्या कृत्याची कबुली आपण देणार नाही, असे प्रतापसिंहांचे म्हणणे पडले. राज्य राखण्यासाठी एका सहीपुरते खोटे बोलण्यास तो राजा तयार झाला नाही. सप्टेंबरच्या ५ तारखेस उजाडण्यापूर्वी रेसिडेंट ओव्हन्स फौज घेऊन राजवाड्यात शिरला आणि छत्रपतींस पालखीत घालून शहराबाहेर काढण्यात आले. पुढे त्यांची रवानगी काशीस झाली. तेथेच १८४७ च्या ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला.

त्यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि तेथे सुमारे चौदा वर्षे राहिले. कंपनीच्या कचेरीत अर्ज, भागीदारांच्या सभेत भाषणे, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी, कर्ज, थंडी, आणि धन्याच्या मृत्यूची वार्ता : या साऱ्यांतून तो वकील हटला नाही. इकडे साताऱ्यास गादीवर बसविलेले धाकटे बंधू आप्पासाहेब शहाजी हे इंग्रजांच्या पसंतीचे राजे होते. तेही ५ एप्रिल १८४८ रोजी निपुत्रिक वारले. मरतेवेळी त्यांनी दत्तक घेतला. रेसिडेंट बार्टल फ्रिअरने तो दत्तक मान्य करावा असे लिहिले, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचेही मत तसेच पडले; परंतु कलकत्त्यास नवा आलेला लॉर्ड डलहौसी आणि विलायतेतील डायरेक्टर यांनी ते मानले नाही, आणि सातारा खालसा झाला. दत्तक नामंजूर करून संस्थान गिळण्याचे जे धोरण पुढे नागपूर आणि झाशीपर्यंत पोचले, त्याचा पहिला घास सातारा होय. १८१८ त ज्या शिक्क्याची गरज होती ती तीस वर्षांनी उरली नव्हती, एवढाच त्या सर्व कायदेशीर ऊहापोहाचा इत्यर्थ.

रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले, पण स्वस्थ बसले नाहीत. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची सिद्धता चालली होती ती उघडकीस आली, आणि ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली. पाच जणांस फासावर चढविले, सहा जणांस तोफेच्या तोंडी दिले आणि सहा जणांस गोळ्या घातल्या. फासावर गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंतींपाशी आज या हुतात्म्यांचे स्मारक आहे.

संस्थान खालसा झाल्यावर सातारा हे जिल्ह्याचे ठाणे झाले होते. गडावरचा पहारा उठला, डोंगर पोखरून सज्जनगडाकडे जाणारा बोगदा झाला, १८५३ त नगरपालिका आली, आणि आगगाडी आली ती शहरापासून दूर पूर्वेकडून, जिच्या स्टेशनास सातारा रोड हे नाव देऊन प्रवाशांना उरलेल्या वाटेची आधीच कल्पना देण्यात आली. राजधानीचे दफ्तर इतिहासाचे साधन बनले. रावबहादूर पारसनीसांनी साताऱ्यासच बसून कागदपत्रांचा संग्रह केला आणि ‘इतिहाससंग्रह’ चालविला. नव्या राजवाड्यात न्यायकचेऱ्या बसल्या आणि जुन्या राजवाड्यात शाळा भरू लागली.

या शेवटल्या फेरबदलास लोक उतरती कळा म्हणतात. मला तो निवाडा मान्य नाही. कित्येक दशके साताऱ्याने दुसऱ्यांच्या सत्तेवर आपला शिक्का उमटविला, आणि ज्याला ज्याला तो हवा होता त्याने गादी जपली व गादीवरचा माणूस कोंडला. शिक्क्याचे काम संपल्यावर त्या नगराने जे केले ते अधिक टिकाऊ ठरले. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी काल्याहून आपली रयत शिक्षण संस्था साताऱ्यास आणली, आणि ज्या माण-खटावच्या माळावर पाऊस पडत नाही तेथल्या शेतकऱ्यांची, आणि गावकुसाबाहेरची, मुले एका पंगतीत बसून शिकू लागली. आणि त्याच्याही आधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, जुन्या राजवाड्यातील सरकारी शाळेच्या इंग्रजी पहिलीत सुभेदार रामजी आंबेडकरांच्या मुलाचे नाव दाखल झाले होते. राज्याचा अधिकार वस्त्रांतून येत नाही आणि तहांतूनही येत नाही, तो प्रजेपासून येतो, असे सांगणारी राज्यघटना पुढे ज्यांच्या नेतृत्वाखाली लिहिली गेली, ते भीमराव आंबेडकर छत्रपतींच्या राजवाड्यात शिकले. साताऱ्याच्या इतिहासातील कोणत्याही राज्याभिषेकापेक्षा ही नोंद लहान नाही.